पाटल्या, पर्किन्स आणि अडतीस-सात

यंदाच्या स्मरणिकेसाठी "कारखान्याच्या काही आठवणी लिहा" असा संपादक मंडळींचा आग्रह झाला. डिझेल रेल इंजिन कारखान्यात माझी उभी हयात गेली हे खरे, पण माझा डिझेलशी संबंध काशीला येण्याच्या बराच आधीचा, थेट कराडच्या आमच्या घरापासूनचा आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या डिस्पोजलमध्ये हजारो वाहने विकायला निघाली. आमच्या अण्णांनी त्यातलाच एक शेव्हरोले ट्रक घेतला आणि कराडचा गूळ व भाजी मुंबईला नेण्याचा धंदा सुरू केला. त्याचे इंजिन सहा सिलिंडरचे, साडेतीन लिटरचे, पेट्रोलवर चालणारे. चालायला गोड, पण पेट्रोल प्यायला राक्षस! भाड्याचे पैसे टाकीतच जिरत. त्यात जनरल मोटर्सने १९२८ पासून चालवलेला मुंबईतला, शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद केला. आता सुटे भाग कोठून आणायचे, ही नवी काळजी.

त्याच साली टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक बाजारात आणला. (टेल्को म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी. ती मुळात रेल्वेची वाफेची इंजिने बनवायला निघाली होती, हे आपल्या कॉलनीतल्या मंडळींना सांगायला मला नेहमी आवडते.) वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक पर्किन्स 'पी ६' डिझेल इंजिनासह येऊ लागले. नवा ट्रक आमच्या ऐपतीबाहेरचा होता. पण जुन्या चेसीसवर नुसते पर्किन्स चढवता येत असे आणि तसे करणारे मिस्त्री पुण्या-मुंबईत तयार झाले होते. आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या सावकाराकडे गेल्या आणि पावणेपाच लिटरचे इंजिन आमच्या अंगणात आले.

काम महिनाभर चालले. मी दहा वर्षांचा, मिस्त्रींच्या हाती पाने देण्याचे काम माझ्याकडे. नवे इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. माउंटिंग नवी केली. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची घातली, कारण डिझेलचा दाब मोडून इंजिन फिरवायला स्टार्टरही दांडगा लागतो. पहिल्यांदा धडधड सुरू झाली तेव्हा शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या!

तेलाचा खर्च खरोखरच पुष्कळ उतरला. पण ट्रक पळेना. घाटात बैलासारखा ओढी, सपाटीला मात्र मागचे सगळे पुढे निघून जात. भाजी मुंबईच्या बाजारात उशिरा पोचू लागली आणि उशिरा आलेल्या भाजीला कोण विचारतो? ड्रायव्हरने आपल्या अकलेने गव्हर्नरचा स्क्रू पिळून इंजिनाचे फेरे वाढवले. पंधरा दिवसांत एक बेरिंग गेले. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. पाटल्या अजून गहाणच होत्या.

खरा दोष इंजिनाचा नव्हता, मागच्या आसाचा होता. मिस्त्रींनी पाटीवर गणित मांडून दाखवले, ते मला अजून पाठ आहे. डिफ्रन्शियलमध्ये पिनियनला ६ दाते, क्राउनला ३७. म्हणजे इंजिनाचे सुमारे ६.१७ फेरे तेव्हा चाकाचा एक. जुने पेट्रोल इंजिन मिनिटाला ३३०० फेऱ्यांपर्यंत जाई. चाकाचा घेर साधारण साडेनऊ फूट धरला तर ताशी ५७-५८ मैल होतात. पर्किन्सची मर्यादा २४०० फेऱ्यांची, त्यामुळे तोच हिशेब ४२ मैलांवर येऊन थांबतो. डिझेल कमी फेऱ्यांतच नेटाने ओढते, तेव्हा त्याला मागे एवढी मोठी तरफ लागतच नाही.

अण्णा मुंबईत तीन दिवस जुन्या सुट्या भागांची दुकाने धुंडाळून ३८ आणि ७ दात्यांची जोडी घेऊन आले. ती म्हणजे ५.४३. तेवढ्याच फेऱ्यांत आता सुमारे ४८ मैल. सहा मैलांसाठी एवढा खटाटोप, असे कोणाला वाटेल. पण कराड-मुंबई अंतराला ते सहा मैल म्हणजे पहाटेचा बाजार गाठणे होते. जोडी बसवताना मिस्त्रींनी दात्यांना निळा रंग लावून, हाताने फिरवून, ठसा दात्याच्या मध्यावर येईपर्यंत शिम बदलले. पाच वेळा हाउसिंग उघडले. माझे या विद्येतले पहिले गुरू तेच. घाटात बोजा घेऊन चढताना ड्रायव्हरला गिअर जरा आधी उतरवावा लागे, एवढीच काय ती तक्रार. दोन पावसाळ्यांनी पाटल्या घरी आल्या.

पुढे मी शिकून १९६८ साली इथे कारखान्यात रुजू झालो. अण्णा-आई १९७४ साली काशीयात्रेला आले तेव्हा गंगास्नान, विश्वनाथदर्शन आटोपून अण्णांनी कारखाना पाहण्याचा हट्ट धरला. परवानगी काढून त्यांना नेले. समोर १६ सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ उभे होते. सगळे पाहुणे त्याची उंची बघतात. अण्णा वाकून चाकांकडे बघत म्हणाले, "याचे दाते किती रे?"

"पासष्ट-अठरा, अण्णा."

त्यांनी मनात भागाकार केला आणि म्हणाले, "म्हणजे आपल्यापेक्षा पळायला बरे."

पुढे मालगाडीसाठी डब्ल्यूडीजी-३ए आले. त्याचे दाते चौऱ्याहत्तर-अठरा, वेग कमी, ओढ जास्त. आराखडा हाती आला तेव्हा मला खंबाटकीचा घाटच आठवला. २०१९ च्या फेब्रुवारीत, मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाल्यावर, याच जातीच्या दोन डिझेल इंजिनांचे विजेच्या जोडइंजिनात केलेले रूपांतर पंतप्रधानांच्या हस्ते रवाना झाले. पुढच्याच वर्षी कारखान्याच्या नावातले 'डिझेल' जाऊन 'बनारस' आले. त्या रूपांतरावर काम केलेला एक तरुण सहकारी मंडपात भेटला तेव्हा मीही त्याला पहिला प्रश्न दात्यांचाच विचारला.

३७ दात्यांचे ते जुने क्राउन व्हील माझ्याकडे आहे. उत्सवात आमच्या घरची समई त्याच्यावर ठेवतो. अजिबात डगमगत नाही.