बंदूकवाला गुप्तहेर आणि प्रश्न विचारणारी मुलगी

मंडळी, आजचा विषय माझ्या वयाला शोभणारा नाही, पण आहे इतिहासाचाच, म्हणून लिहायला घेतला. 'हू शॉट जॉनी रॉक?' नावाचे एक अमेरिकन खेळयंत्र १९९१ साली आले. नावाचा अर्थ सरळ आहे, 'जॉनी रॉकला गोळी कोणी घातली?'. माझा पुतण्या अशा जुन्या यंत्रांचा भक्त आहे. त्याने मला या खेळाचे चित्रण दाखवले आणि पुढचे चार दिवस माझ्या डोक्यात तेच घोळत राहिले.

हा खेळ आजच्या संगणकी खेळांसारखा रेखाटलेला नाही. पडद्यावर चक्क हाडामांसाची नटमंडळी आहेत. काळ १९३० च्या आसपासचा, माणसे हॅट आणि लांब कोट घातलेली, गाड्या जुन्या. जॉनी रॉकचा खून झाला आहे आणि खेळणारा झाला खासगी गुप्तहेर. त्याच्या हातात प्लॅस्टिकची बंदूक. संशयितांची नावे तर रोगांवरून ठेवलेली! एक बाई लॉकजॉ लिल, म्हणजे आपली 'दातखीळ'. एक मीझल्स, म्हणजे गोवर, आणि एक मम्प्स, म्हणजे गालगुंड. गुंडाला गालगुंड हे नाव मराठीत जितके शोभते तितके इंग्रजीतही शोभत नसेल.

हे चालायचे कसे, ते थोडक्यात सांगते. यंत्राच्या पोटात लेझरडिस्क असे, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी चकचकीत चकती. तिच्या एका बाजूवर ३० मिनिटांचे चित्रण, म्हणजे ५४,००० चित्रे मावत आणि प्रत्येक चित्राला क्रमांक असे. तुमची गोळी लागली तर यंत्र एका क्रमांकावर उडी मारी आणि गुंड कोसळताना दिसे. नेम चुकला तर दुसऱ्या क्रमांकावर उडी, आणि तुम्हीच खलास. आत अमिगा नावाचा छोटा संगणक होता, तो ही उड्यांची व्यवस्था पाही. बंदुकीतून बाहेर काहीच सुटत नसे, उलट ती पडद्यावरचा प्रकाश टिपत असे. जुन्या टीव्हीत प्रकाशाचा ठिपका ओळीओळीने पडदाभर धावतो. तो बंदुकीच्या नजरेला नेमका कोणत्या क्षणी दिसला, यावरून नेम कुठे धरला ते कळते. आजच्या चपट्या पडद्यावर ठिपका असा धावत नाही, म्हणून त्या बंदुका त्यांच्यापुढे निकामी ठरतात.

चित्रावर गोळी झाडण्याची हौस मात्र खूप जुनी आहे. साधारण १९१२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कागदी पडद्यावर चलच्चित्र दाखवून त्यावर खरी गोळी झाडायला देत. आवाज झाला की चित्र थबके आणि भोक कुठे पडले ते दिसे. १९७४ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'वाइल्ड गनमॅन' काढला, त्यात १६ मिलिमीटर फिल्मवर खरे नट पिस्तूल उपसत. १९८३ साली 'ड्रॅगन्स लेअर' या खेळाने लेझरडिस्कवर व्यंगपट खेळवला आणि पोरांनी रांगा लावल्या. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक होती. त्या फुग्याला तोंड नव्हते, एवढाच काय तो फरक.

जॉनी रॉक ज्यांनी केला ती कंपनी अमेरिकन लेझर गेम्स, गाव न्यू मेक्सिको राज्यातले अल्बुकर्की. पण तिचे मूळ करमणुकीत नाही, पोलिसांच्या प्रशिक्षणात आहे. पडद्यावर प्रसंग दाखवायचा, समोरचा माणूस खिशात हात घालतो, आता तो पिस्तूल काढणार की पाकीट, हे क्षणात ओळखायचे. अशा शिक्षणात गोळी कधी झाडायची याइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा धडा म्हणजे ती कधी झाडायची नाही. हेच तंत्र घेऊन १९९० मध्ये त्यांनी काउबॉयचा 'मॅड डॉग मॅक्री' हा खेळ काढला. तो जोरात चालला. पाठोपाठ जॉनी रॉक आला, १९९३ मध्ये पोलिसांवरचा 'क्राइम पट्रोल'.

धडा तोच राहिला, पण तो देणारा गुरुजी मधून निघून गेला. प्रशिक्षणात प्रसंग संपला की कोणीतरी समोर बसवून विचारतो, का झाडलीस? काय दिसले तुला? खेळात मध्येच निरपराध माणूस समोर येतो, त्याला मारले तर दंड होतो, पण 'का' हे कोणी विचारत नाही. यंत्राला घाई असते. दुसरे नाणे पडायला हवे ना! मेलात तरी नाणे टाका आणि पुन्हा उभे राहा. दुसरी संधी होती, पण विकत.

आणि गुप्तहेराचे काय? जॉनी रॉकमधल्या गुप्तहेराला तोंडच नाही. माहिती पडद्यावरचे लोक आपणहून सांगतात, हा फक्त चाप ओढतो. आमच्या पिढीने बाबुराव अर्नाळकरांचे धनंजय आणि छोटू पांघरुणात दडून वाचले. पिस्तुले तिथेही होतीच. पण वाचताना आम्ही मनातल्या मनात प्रश्न विचारत असू, हा खोटे बोलतोय का? ती त्या वेळी कुठे होती? गुप्तहेर म्हणजे शंका घेणारा माणूस. ज्याला शंका घ्यायला वेळच नाही, तो कसला गुप्तहेर!

आता खरी गंमत ऐका. याच कंपनीने १९९५ मध्ये मुलींसाठी खेळ करायचे ठरवले आणि हर इंटरॅक्टिव्ह ही शाखा काढली. बंदुकांच्या यंत्रांचे दिवस लवकरच सरले. शाखा जगली आणि १९९८ मध्ये तिने नॅन्सी ड्रूचा पहिला खेळ आणला, 'सीक्रेट्स कॅन किल'. नॅन्सी ड्रू ही अमेरिकेतल्या बालवाचकांची लाडकी हेर मुलगी. तिची पुस्तके निघू लागली १९३० मध्ये, म्हणजे जॉनी रॉकचा जो काळ दाखवला आहे, साधारण त्याच काळात! मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव कॅरोलिन कीन असे, पण ते टोपणनाव. पहिली पुस्तके लिहिणारी बाई होती मिल्ड्रेड वर्ट बेन्सन.

या नॅन्सीच्या खेळात हाती बंदूक नाही. माणसांशी बोलायचे, कपाटे धुंडाळायची, वहीत टिपून ठेवायचे, कोडी सोडवायची. आणि चूक होऊन नॅन्सी संकटात सापडली की पडद्यावर 'दुसरी संधी' असे बटण येते. ते दाबा आणि चूक झाली त्याच्या जरा आधी परत जा. नाणे लागत नाही. एकाच घराण्यातली ही दोन भावंडे, पण थोरल्याने दुसरी संधी विकली आणि धाकटीने ती शिकण्याचा भाग केली.

मी पस्तीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. वर्गात कुणाचे पेन किंवा फीचे पैसे हरवले की क्षणात चाळीस बोटे एका दिशेला वळत. ज्याचे नाव पहिले येई तो बहुतेक वेळा वर्गातला सर्वांत गरीब मुलगा असे. अशा वेळी मी तासच्या तास बाजूला ठेवून एकेकाला विचारत बसे. मधल्या सुट्टीत कोण आत होते, दप्तर कुठे होते, शेवटचे कधी पाहिले. वस्तू पुष्कळदा त्याच दप्तराच्या तळाशी सापडे. कधी खरा चोरही सापडे. पण विचारण्याआधी कुणावर बोट रोखायचे नाही, हे मुलांना पुस्तकातून कळले नसते.

पुतण्या म्हणतो, काकू, खेळ तो खेळ, इतके काय मनावर घ्यायचे? त्याचेही खरे. या खेळांनी मुले बिघडतात असे मी म्हणत नाही. पण पोलिसांना थांबायला शिकवण्यासाठी केलेली युक्ती बाजारात आल्यावर चाप ओढायला शिकवू लागली, आणि शेवटी त्याच घरातून प्रश्न विचारणारी मुलगी निघाली, हा इतिहास मला सांगावासा वाटला.

असो. तुमच्या घरी कुणी नॅन्सीचे खेळ खेळले असतील तर मला जरूर कळवा. नातीला कुठल्या खेळापासून सुरुवात करून द्यावी, हे विचारायचे आहे.