अंतर तेच, वेळ मात्र वेगळा

लंडन ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. मग न्यूयॉर्क ते लंडन किती, असे वर्गात विचारले तर मुले हसतील. पण जाण्याला आणि येण्याला वेळही सारखाच लागतो का?

४ ऑक्टोबर १९५८ रोजी 'कॉमेट ४' या जेट विमानांनी अटलांटिकपार प्रवासी सेवा सुरू केली. एक विमान लंडनहून निघाले, दुसरे न्यूयॉर्कहून. पूर्वेकडे येणारे विमान ६ तास १२ मिनिटांत लंडनला पोचले. पश्चिमेकडे जाणाऱ्याला १० तास २२ मिनिटे लागली. ते वाटेत इंधनासाठी न्यूफाउंडलंडमधील गँडरला उतरले होते. पण थांबण्याचा वेळ वगळला तरी फरक मोठाच उरतो.

'पृथ्वी खालून फिरते म्हणून असे होते,' असे उत्तर हमखास येते. ते चुकीचे आहे, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. खरे कारण वाऱ्यात आहे. मध्य अक्षांशांवर सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा व ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानांतील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांतून हा 'जेट प्रवाह' निर्माण होतो.

जपानमधील तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावे म्हणून त्यांनी १९२६मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला. ती वाचणारे फारच थोडे! १९४४च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बाँबफेकी विमाने जपानवर आली, तेव्हा याच वाऱ्यांनी वैमानिकांना चकित केले. निरीक्षण अचूक असून भागत नाही. ते इतरांपर्यंत पोचावेही लागते.

९ फेब्रुवारी २०२० रोजी एक बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचले. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेच्या सापेक्ष त्याचा वेग नेहमीचाच होता.

आता एक गणित. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा १५० धरू. अनुकूल वाऱ्यात ५,५५० किलोमीटरला सुमारे ५ तास १७ मिनिटे लागतील, प्रतिकूल वाऱ्यात ७ तास २४ मिनिटे. एकूण १२ तास ४१ मिनिटे. वारा नसता तर १२ तास २० मिनिटे पुरली असती. येताना वाचलेला वेळ जातानाचे नुकसान भरून काढत नाही, कारण प्रतिकूल वाऱ्यात आपण अधिक काळ असतो. नदीतल्या नावेचे गणित हेच सांगते. ते विद्यार्थ्यांकडून आधी सोडवून घ्यावे आणि मग त्यांना आकाशाकडे पाहायला सांगावे.