प्रोटॉनच्या वजनाचा हिशेब

प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क असतात, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण वजनाचा मेळ घालायला बसले की गडबड होते. तिन्ही क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान एकत्र केले, तर प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरते. उरलेले जवळजवळ सगळे त्यांना जखडून ठेवणाऱ्या प्रबल बलाच्या आणि त्यांच्या धडपडीच्या ऊर्जेतून येते. या बलाचे समीकरण 1973 च्या सुमारास हाती आले होते. त्यातून प्रोटॉनचे वजन चोख काढून दाखवायला 2008 साल उजाडले.

मधली 35 वर्षे भौतिकशास्त्रज्ञ नुसती पाने भरत बसले नव्हते. त्यांतल्या बऱ्याच जणांनी सरळ संगणक बांधायला घेतले.

या बलाची तऱ्हाच उलटी. डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी 1973 साली दाखवले की क्वार्क एकमेकांच्या जितके जवळ, तितके हे बल दुबळे. दूर जाऊ लागले की ते आवळत जाते. दुबळे असेल तिथे कागद-पेन्सिल पुरते, कारण प्रत्येक पुढची दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीपेक्षा लहान असते. प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरावर मात्र दुरुस्त्या लहान होण्याचे नावच घेत नाहीत.

कॉर्नेल विद्यापीठाच्या केनेथ विल्सन यांनी 1974 साली यावर काढलेला तोडगा आलेखाच्या कागदासारखा होता. अवकाश आणि काळ सलग मानायचे नाहीत, चार मितींची चौकटीदार जाळी समजायची. क्वार्क जाळीच्या गाठींवर बसवायचे आणि बल वाहणारे ग्लुऑन दोन गाठींना जोडणाऱ्या दुव्यांवर. बल तीव्र धरले तर क्वार्कांमधली ऊर्जा अंतराच्या प्रमाणात वाढत जाते, म्हणजे क्वार्क सुटा मिळणेच अशक्य, हे विल्सन यांनी जाळीवर दाखवले. पण ही जाळी भरड होती. वीण बारीक करत नेली तरी हे टिकते का, याचे उत्तर कागदावर मिळत नव्हते.

ते मिळाले फासे टाकून. काळाचे गणित जरा फिरवून मांडले की जाळीवरचा हा हिशेब तापलेल्या पदार्थाच्या हिशेबासारखा दिसू लागतो, आणि तसल्या हिशेबासाठी लॉस अलामॉसच्या मंडळींनी 1953 सालीच एक रीत बसवून ठेवली होती. तिचे नाव मोंटे कार्लो, जुगाराच्या अड्ड्यावरून पडलेले. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत मायकेल क्रॉइट्झ यांनी 1980 च्या सुमारास ती वापरली. प्रत्येक बाजूला दहा गाठी, म्हणजे एकूण 10,000 गाठी आणि 40,000 दुवे. बलाची सोपी आवृत्ती घेऊनही प्रत्येक दुव्याला तीन संख्या लागतात. एकूण 1,20,000 चलांचे संकलन. ते सरळ करू गेले तर विश्वाचे आयुष्य पुरणार नाही. फासे टाकून नमुने गोळा केले, सरासरी काढली, आणि भरड जाळीवरून बारीक जाळीवर जाताना क्वार्कांची कैद सुटत नाही, याची पहिली भक्कम खूण मिळाली.

क्वार्कांची वर्दळ हिशेबात धरायची म्हटले की मात्र यंत्रे हात टेकत. पोकळीत क्षणोक्षणी क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या जोड्या जन्मतात आणि विरतात. हा खर्च झेपेना, म्हणून सुरुवातीला त्या वगळूनच टाकल्या. लग्नाच्या खर्चाचा अंदाज बांधताना पाहुणे धरायचेच नाहीत, असा हा प्रकार.

बाजारातले संगणक पुरेनात. मग कॅलटेकमध्ये जेफ्री फॉक्स आणि चार्ल्स साइट्झ यांनी 64 प्रोसेसर एकत्र जोडून ‘कॉस्मिक क्यूब’ उभारला. रिचर्ड फाइनमन 1983 च्या उन्हाळ्यात ‘थिंकिंग मशीन्स’ या नवख्या कंपनीत कामाला गेले आणि अजून बनायच्या असलेल्या यंत्रासाठी क्वार्कांच्या हिशेबाचा प्रोग्रॅम हातानेच चालवून पाहत बसले. रोममध्ये निकोला काबिबो आणि जॉर्जो पारिसी यांचे ‘एपीई’ उभे राहिले, न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाची यंत्रे. आयबीएममध्ये डोनाल्ड वाइनगार्टन यांच्या गटाने 566 प्रोसेसरांच्या ‘जीएफ-11’ वर 1993 साली आठ वस्तुमान-गुणोत्तरे काढली; ती प्रत्यक्षाच्या सहा टक्क्यांच्या आत आली. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाचे ‘सीपी-पॅक्स’ नोव्हेंबर 1996 मध्ये जगातला सर्वांत वेगवान संगणक ठरले. त्याच्या नेमक्या आकड्यांनीच दाखवून दिले की पाहुणे वगळून भागणार नाही, चूक दहा टक्क्यांपर्यंत जाते.

कोलंबियाच्या यंत्रांवर काम केलेले ॲलन गारा पुढे आयबीएममध्ये गेले आणि ‘ब्लू जीन’ महासंगणकाचे मुख्य रचनाकार झाले. युरोपातल्या बुडापेस्ट-मार्से-वुपरताल गटाने जर्मनीतल्या युलिश इथे ब्लू जीनच वापरला, आणि 2008 साली पाहुण्यांसकट हिशेब पुरा केला. बाहेरून तीनच कणांची वस्तुमाने घेतली. प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी उत्तर आले 936, प्रयोगातला आकडा 939 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याच परंपरेतल्या गटाने 2015 साली न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या वजनातला 0.14 टक्क्यांचा फरकही काढून दाखवला. तो उलटा असता तर हायड्रोजन टिकला नसता.

1960 सालीच ‘टिफ्रॅक’ हा स्वतःचा संगणक चालू करणारी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही या कथेत आहे. कुलाब्याच्या या संस्थेत आधी क्रे महासंगणक आणि मग ब्लू जीन या कामाला जुंपले गेले. तिथला प्रश्न अधिक अडचणीचा होता. सुमारे दोन लाख कोटी अंशांना प्रोटॉन वितळून क्वार्क-ग्लुऑनांचा रस्सा होतो. पण द्रव्य दाटीवाटीने भरले की फाशांची शक्यताच ऋण आणि काल्पनिक संख्यांत येऊ लागते, आणि ऋण शक्यतेचा फासा टाकायचा कसा? राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी दाटी शून्य असतानाचे उतार मोजून तिथून पुढचा अंदाज बांधण्याची वाट धरली, आणि वितळण्याची तऱ्हा जिथे बदलते त्या ‘क्रांतिक बिंदू’चा ठावठिकाणा 2005 साली मांडला. त्याच्याच शोधात ब्रूकहेवनच्या त्वरकात 2010 पासून सोन्याची केंद्रके कमी-अधिक ऊर्जेने एकमेकांवर आदळली गेली. क्रॉइट्झ यांनी फासे टाकले होते, त्याच आवारात.