दोरीवरचं एकविसावं शतक

चपला दारातच काढा. तुम्ही तोक्योत आहात आणि साल आहे १९६९.

जुलैची दमट संध्याकाळ. तातामीच्या चटईवर मांडी घालून बसलात, की नाकाशी डासांच्या अगरबत्तीचा धूर येतो. हातात भाजलेल्या जवाचा गार चहा. समोर चार पायांचा टीव्ही. तुम्ही मुंबईकर असाल, तर तुमच्या शहरात हे खोकं बोलू लागायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडायचाय.

घरातला आठेक वर्षांचा पोरगा सरकत सरकत पडद्याला नाक लावायला निघालाय. आजी सदऱ्याला धरून त्याला मागे ओढते. रोजचंच असावं.

संगीत सुरू होतं. ते तोमिता इसाओंचं. पुढे सिंथेसायझरवर जगभर गाजणार आहेत ते हेच. मालिका एनएचकेची, 'कूचू तोशी झिरो झिरो एइतो', म्हणजे आकाशनगरी ००८. एप्रिलपासून सुरू आहे, पंधरा-पंधरा मिनिटांची. होशिओ आणि त्सुकिको ही भावंडं एकविसाव्या शतकातल्या शहरात राहतात. एकाच्या नावात तारा, दुसरीच्या नावात चंद्र. खऱ्या चंद्रावर माणूस याच महिन्यात उतरतोय, त्यामुळे पोराला यात काही अचाट वाटत नाही.

पण तुम्ही त्यांच्या पायांकडे बघा. पाऊल जमिनीला टेकतं न टेकतं. या ताकेदा मंडळीच्या बाहुल्या, वरून दोऱ्यांनी चालणाऱ्या. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर खेळवतात तशा कळसूत्री. याआधी पाच वर्षं एनएचकेवर गाजलेल्या भोपळाबेटाच्या मालिकेत बाहुल्या खालून काठीवर नाचत. दोरीवरच्या बाहुलीला मात्र जमीन सोडायची उपजतच खोड. आकाशातल्या शहराला याहून चांगले नट मिळाले नसते, असं माझं मत.

गोष्ट कोमात्सु साक्योंची. हवेतून इतक्या निर्धास्त गाड्या उडवणारा हाच लेखक १९७३ साली कादंबरीत अख्खा जपान समुद्रात बुडवणार आहे. पोराला सांगू नका.

आणि तुम्ही कुठून आलात तेही सांगू नका. एकविसाव्या शतकातून, म्हटलंत तर तो आधी विचारेल, तुमची उडती गाडी कुठे लावलीत? मग काय दाखवाल, लोकलचा पास?

त्यापेक्षा बघून घ्या. दोन इंची व्हिडिओटेप या काळात इतकी महाग, की तिच्यावर जुनं पुसून नवं भरतात. वर्षभर चालणाऱ्या या मालिकेतलं फारच थोडं तुमच्या काळापर्यंत टिकलंय. म्हणून तर एवढ्या लांब यावं लागलं.

तेवढ्यात त्सुकिकोच्या डोक्यावर, दिव्याच्या झोतात, काहीतरी चमकतं.

"दोरी! दोरी दिसली!" पोरगा ओरडतो.

"कुठे रे?" म्हणत आजी चष्मा शोधू लागते. तो सापडेपर्यंत गाडी ढगाआड गेलेली असते.