प्रज्वलन-समायोजन, फोक्सवॅगन बीटल मोटारीतील

पेट्रोल एंजिनात दट्ट्या आपल्या सर्वोच्च स्थानी पोहोचण्याच्या किती आधी ठिणगी पडावी, हे निश्चित करण्याच्या क्रियेस प्रज्वलन-समायोजन म्हणतात. कार्यशाळेत यालाच ‘टायमिंग लावणे’ असे म्हणतात. हे अंतर भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, परिभ्रमणाच्या अंशांत मोजतात. इंधन-मिश्रण जळण्यास काही काळ लागत असल्याने एंजिनाचा वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी द्यावी लागते.

प्रारंभीच्या मोटारींत ही जबाबदारी चालकावर असे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड ‘मॉडेल टी’ मध्ये सुकाणू-चक्राखाली त्यासाठी तरफ होती. हँडल मारताना ती मागे घेण्याचे राहिल्यास एंजिन उलटा झटका देई व मनगट मोडण्याचा धोका असे. फेर्डिनांट पोर्श यांच्या नेतृत्वाखाली १९३० नंतरच्या दशकात सिद्ध झालेल्या बीटलमध्ये अशी तरफ नव्हती. हे काम वितरकाकडे, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडे, आले व माणसाला केवळ मूळ बिंदू लावणे उरले.

त्याची रीत साधी होती. प्रथम संपर्कबिंदूंमधील फट ०·४ मिमी. करीत, फट बदलली की समयही बदलतो, म्हणून हा क्रम मोडून चालत नाही. मग कप्पीवरील खाच एंजिन-पेटीच्या दोन अर्धांच्या सांध्याशी आणीत. वेगळा दर्शक-काटा देण्याऐवजी पेटीच्या सांध्याचाच उपयोग करणे ही या रचनेतील काटकसर खास म्हणावी लागेल. त्यानंतर तारेला लहान दिवा जोडून तो पेटेल त्या क्षणी वितरक आवळीत. वितरक भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तो एक अंश हलविल्यास ठिणगी दोन अंश सरकते.

या एंजिनात पाण्याचे शीतन नसल्याने चूक महाग पडे. ठिणगी फार आधी पडल्यास मिश्रणाचा अकाली स्फोट होऊन दट्ट्यांची हानी होते. त्याची खडखड पंख्याच्या आवाजात सहज ऐकूही येत नाही. तिसऱ्या सिलिंडरची स्थिती विशेष नाजूक होती. पंख्याच्या आवरणातील तेल-शीतक त्याच्या वाटेत असल्याने त्यास कमी व तापलेली हवा मिळे. म्हणून अनेक वितरकांत त्या एका सिलिंडरची ठिणगी मुद्दाम काही अंश उशिरा ठेवलेली असे. हे ठाऊक नसणारा कारागीर तो दोष समजे. १९७१ च्या प्रतिरूपांपासून शीतक बाजूला हलविण्यात आला.

अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याच्या सुमारास समायोजनाचा हेतूच बदलला. पूर्वी अनेक एंजिनांत सर्वोच्च स्थानाच्या ७·५ अंश आधी असलेली ठिणगी १९७१ नंतरच्या तेथील काही एंजिनांत मंद गतीला ५ अंश नंतर आली. उशिरा जळल्याने बहिर्गामी वायू अधिक तप्त राहून न जळलेले हायड्रोकार्बन घटतात. मात्र ती उष्णता एंजिनालाही सोसावी लागते. याच काळात जॉन म्यूर यांच्या १९६९ मधील दुरुस्तीविषयक पुस्तकामुळे हे काम अनेक सामान्य मालक स्वतः करू लागले होते.

शेवटची बीटल मेक्सिकोतील प्वेब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी तयार झाली. जुन्या गाड्यांत संपर्कबिंदूंऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक बसविणारे मालकही वितरक हातानेच फिरवून खाच सांध्याशी जुळवितात.