पाहण्याची विद्या



आपल्या हैदराबादेत हिवतापाचा विषय निघाला की बेगमपेठ आणि सर रोनाल्ड रॉस ही नावे ओघाने येतातच. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तीत काळ्या कणांनी युक्त अशा पेशी दिसल्या आणि डास व हिवताप यांचा संबंध उघड झाला. या कथेचा पूर्वार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. हिवतापाचा परोपजीवी लाव्हराँ या फ्रेंच लष्करी वैद्याने १८८० मध्येच अल्जीरियात पाहिला होता. रॉस यांना तो भारतात शोधूनही सापडेना. त्याच्या अस्तित्वाविषयीच ते साशंक होते. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी रुग्णाच्या रक्तात तो त्यांना प्रत्यक्ष दाखविला. त्यातील काळे कण तेव्हा ओळखीचे झाले, म्हणूनच तीन वर्षांनी डासाच्या जठरात तसेच कण दिसताच त्यांचा अर्थ उमगला. शोधाच्या आधी शिक्षण घडले होते.

एका संशोधकाला जे दिसले, ते हजारो कर्मचाऱ्यांना कसे दिसावे, हा पुढचा प्रश्न होता. १९५८ मध्ये राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरच्या तापकऱ्यांच्या बोटांतून घेतलेले रक्त काचपट्ट्यांवरून प्रयोगशाळांत येऊ लागले. तेथील तंत्रज्ञाला दोन लेपांचे मर्म शिकावे लागे. जाड लेपात रक्त अधिक असल्याने विरळ परोपजीवीही सापडतो. पातळ लेपात तांबड्या पेशी शाबूत राहतात, म्हणून त्याची जात ओळखता येते. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी सिद्ध केलेल्या रंगद्रव्याने पट्टी रंगवायची, तेलाच्या भिंगाखाली निदान शंभर क्षेत्रे पाहायची आणि मगच ‘आढळला नाही’ असे लिहायचे. रंगाचा साका आणि रक्तातील बिंबाणू नवशिक्याला हमखास फसवितात. नसलेले न पाहणे हेही शिक्षणच!

या विद्येवर काय अवलंबून होते, ते आकडे सांगतात. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई. १९६५ मध्ये ही संख्या सुमारे १ लाखावर आली. १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. डास कीटकनाशकांना दाद देईनात, फवारणीत खंड पडला, ही कारणे होतीच. परंतु प्रयोगशाळांत न तपासलेल्या काचपट्ट्या साचत गेल्या, हेही एक कारण होते. निदानास विलंब झाला की रुग्णाचा पूर्ण उपचार लांबतो आणि तोवर डास त्याचा रोग शेजारच्या घरी पोहोचवितो.

आज काही मिनिटांत निकाल देणाऱ्या चाचणीपट्ट्या आल्या आहेत. तरीही रक्तातील परोपजीवींची संख्या मोजण्यासाठी सूक्ष्मदर्शकाकडेच वळावे लागते. मी आयुष्यभर भाषा शिकविली. अक्षर दिसणे आणि वाचता येणे यांत किती अंतर असते, हे मी जाणतो. रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शंभरावे क्षेत्रही पहिल्याइतक्याच निष्ठेने पाहणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव कोठेही कोरलेले नाही. त्याला आणि त्याला पाहावयास शिकविणाऱ्या शिक्षकाला या व्यासपीठावरून वंदन करून मी आपली रजा घेतो.