गणवेश, मोफत शालेय (सुरत)

गणवेश, मोफत शालेय (सुरत) : गरजू कुटुंबांतील मुलांना शाळा सुरू होताना नवे कपडे पुरवण्याची व्यवस्था. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. मराठी शाळांत प्रामुख्याने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या खानदेशी कुटुंबांची मुले असतात. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या त्यांच्या वस्त्या. पालक यंत्रमाग, डाइंग मिल किंवा कापडबाजारात कामाला असतात.

तरतूद : शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. केंद्राच्या योजनांतून, आधी सर्व शिक्षा अभियानातून आणि 2018 पासून समग्र शिक्षेतून, सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या पात्र मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात. दोन्ही मिळून कमाल खर्च 600 रुपये. केंद्राच्या निकषात सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले व दारिद्र्यरेषेखालील मुले येतात. कापड, शिलाई, बटणे सारे यातच बसवायचे. स्थलांतरिताचे रेशनकार्ड गावीच राहिले असेल, तर गरिबी सिद्ध करणे त्याला जड जाते. निकष ठरवणाऱ्यांनी हा विचार फारसा केलेला दिसत नाही. खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांच्या पालकांना गुजरात सरकार पुस्तके, गणवेश व प्रवासासाठी वर्षाला 3,000 रुपये देते.

कापड : सुरत कापडाचे शहर असले, तरी तिचा माल मुख्यतः पॉलिएस्टरच्या साड्या व ड्रेस मटेरियल. गणवेशाच्या पँटचे जाड सुटिंग राजस्थानातील भीलवाड्याचे, तर तयार गणवेशाचे मोठे केंद्र सोलापूर.

महाराष्ट्रातील प्रयोग : या कुटुंबांच्या मूळ राज्यात पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती कापड घेऊन गावच्या शिंप्याकडून गणवेश शिवून घेई. 2023-24 मध्ये मोफत गणवेशाची योजना दारिद्र्यरेषेवरील मुलांनाही लागू झाली. शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांच्या काळात ‘एक राज्य, एक गणवेश’ धोरण आले. 2024-25 साठी कापडाची खरेदी राज्यपातळीवर झाली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. एक जोड आकाशी शर्ट व गडद निळ्या पँटचा, दुसरा स्काउट-गाइडचा. गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत. मापे चुकल्याच्या तक्रारी आल्या. 15 ऑगस्टचे झेंडावंदन अनेक शाळांत जुन्या कपड्यांतच उरकले. डिसेंबर 2024 मध्ये अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. मोठ्या खरेदीत कापड स्वस्त पडते, पण मुलाचे माप मंत्रालयातून घेता येत नाही, हे या वर्षाने दाखवले. बचत गटांकडे दोष किती, कापड उशिरा पोहोचण्याकडे किती, याबाबत मतभेद आहेत.

परिणाम : एस्थर डफ्लो, पास्कलीन ड्युपा व मायकेल क्रेमर यांच्या केनियातील अभ्यासात (2015) मोफत गणवेशामुळे शाळागळती घटली, मुलींमध्ये अल्पवयीन विवाह व गर्भारपणही कमी झाले.

खासगी मदत : सुरतेत जूनमध्ये ज्ञातिमंडळे, रोटरी व लायन्स क्लब यांच्याकडून वह्या व कपडेवाटप.

पादत्राणे : समग्र शिक्षेच्या 600 रुपयांत बूट येत नाहीत. महाराष्ट्राने 2023 मध्ये एक जोड बूट व दोन जोड मोज्यांसाठी प्रतिविद्यार्थी 170 रुपये ठरवले. एवढ्या रकमेत पावसाळा काढणारा बूट मिळणे कठीण.